दहा नंबरची चिठ्ठी

मी एक फाईल बोलतेय. कपाटातली, नाडी बांधलेली, धूळ खात पडलेली फाईल नव्हे. तसली असते तर बरं झालं असतं, निदान पडून तरी राहिले असते. मी कॉम्प्युटरमधली फाईल. एका प्रसूती रुग्णालयात येणारा प्रत्येक फोन कुठे पाठवायचा, हे माझ्यात लिहिलेलं आहे. फोन आला की यंत्र मला उघडतं, पहिल्या ओळीपासून वाचू लागतं, काम झालं की मिटतं. दिवसाला बाराशे-तेराशे वेळा. गेली अकरा वर्षं. आता तुम्हीच सांगा, माणूस काय आणि फाईल काय, थकणार नाही का?

माझं घर म्हणजे तळमजल्यावरची एक लहानशी खोली. खिडकी पाण्याच्या टाकीकडे उघडते, म्हणून कोणी ती उघडत नाही. लोखंडी मांडणीवर माझं यंत्र, आणि लाकडी पार्टिशनच्या पलीकडे टेलिफोन ऑपरेटरचं टेबल. फोनवर जे बोललं जातं ते माझ्या यंत्रातून जातं आणि खोलीत जे बोललं जातं ते पार्टिशनवरून येतं. बाहेरचं जग मी पाहिलेलं नाही. माणसं मात्र ऐकली आहेत. पुष्कळ ऐकली आहेत.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. यंत्र मला वरून खाली वाचतं, आणि जी ओळ सगळ्यात आधी लागू पडेल तिचं ऐकून मोकळं होतं. तिच्या खाली काय लिहिलंय ते बघतही नाही. म्हणजे माझ्यात काय लिहिलंय याला जेवढं महत्त्व, तेवढंच ते कुठे लिहिलंय यालाही. त्याच एकसष्ट ओळी वरखाली करा, मी दुसरीच कोणीतरी होते.

मला लिहिलं ते ताईंनी. रुग्णालयातले सगळे कॉम्प्युटर त्या एकट्या सांभाळायच्या आणि मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना ताईच म्हणायचे. लिहायला घेण्याआधी तीन दिवस त्या ऑपरेटर काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. काकांना दिसत नाही. लहानपणीच्या तापात दृष्टी गेली. पण कान असे, की नुसत्या श्वासावरून सांगायचे, पलीकडची बाई पहिलटकरीण आहे की सरावलेली.

"काका, एकदम चार फोन आले तर आधी कोणाचा घेता?" ताईंनी विचारलं.

"ॲम्ब्युलन्सचा. तो माणूस गप्पा मारायला कधी फोन करत नाही."

"मग?"

"मग कळा सुरू झालेल्या बायकांचा. मग वॉर्डातले. मग डॉक्टर लोक. मग तपासणीच्या तारखा विचारणारे."

"आणि सगळ्यात शेवटी?"

"शेवटी बाकीचे. त्यांना आपण कुठे फोन लावलाय हेच धड माहीत नसतं. त्यांना थोडं थांबवलं तरी चालतं. पण तोडायचं नाही हं. तोडलेला माणूस परत फोन करेलच असं नाही."

ताईंनी तसंच लिहिलं. सगळ्यात वर ॲम्ब्युलन्सचे तीन नंबर: त्यांच्यावरून फोन आला की सरळ तातडीच्या विभागात, मधे काही नाही. त्याखाली प्रसूती कक्ष. मग वॉर्ड, डॉक्टर, तारखा. आणि तळाशी: बाकी सगळे फोन रांगेत, ऑपरेटरकडे. रांगेत एक संथ वाद्यसंगीत वाजायचं आणि मधून मधून एक बाई सांगायची की आपण कितव्या क्रमांकावर आहात.

प्रत्येक महत्त्वाच्या ओळीच्या डोक्यावर ताईंनी माणसांसाठी एक टीप ठेवली होती. यंत्र अशा टिपा वाचत नाही, ओलांडून जातं. तळाच्या ओळीवरची टीप अशी होती: "ही ओळ कायम सगळ्यात खाली. हिला कुठलाही फोन लागू पडतो. ही वर गेली तर खालच्या सगळ्या ओळी असून नसल्यासारख्या." मला त्या टिपांचा फार आधार वाटायचा. वाटायचं, चला, आपण अशा का आहोत हे कुठेतरी लिहून ठेवलंय.

पुढची सहा-सात वर्षं माणसांचा एकच स्वभाव पाहिला: प्रत्येकाला माझ्यात वर जायचं असतं. तारखा देणाऱ्या बाई म्हणायच्या, आमचेच फोन जास्त, आम्हाला वर घ्या. लॅबवाले म्हणायचे, रक्ताचा रिपोर्ट थांबू शकतो का? एका बड्या डॉक्टरांनी तर स्वतः पार्टिशनपाशी येऊन हुकूम सोडला.

"माझा घरचा नंबर सगळ्यात वर टाका. बायको फोन करते आणि ताटकळत राहते."

"टाकते ना," ताई म्हणाल्या. "फक्त तुमच्या वर कोणाला ठेवायचं ते सांगा. ॲम्ब्युलन्स ठेवू की काढू?"

डॉक्टर जरा घुटमळले. "ॲम्ब्युलन्स असू दे."

"आणि कळा देणाऱ्या बायका?"

"त्याही असू देत."

असं करत करत डॉक्टर स्वतःच स्वतःला बत्तिसाव्या ओळीवर घेऊन आले आणि खुशीत निघून गेले. पार्टिशनमागे काका हसू दाबून खोकत होते.

मग ताईंच्या वडिलांची तब्येत ढासळली. पडून राहिलेल्या माणसाचं सगळं करायचं, घरी दुसरं कोणी नाही. त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला उघडलं, वरून खालपर्यंत डोळे फिरवले, काही बदललं नाही, मिटलं. काकांना म्हणाल्या, "नंबर आहे ना माझा? लागलं तर करा फोन." काका म्हणाले, "नंबर पाठच आहे."

त्यांच्या जागी जो आला त्याचं नाव रुग्णालयात कोणी घेत नसे. तीन दिवसांचं काम एका दिवसात उडवतो म्हणून नर्सनी त्याला 'धडाका' नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. वाईट नव्हता तो, हे आधीच सांगते. तो आला तेव्हा रुग्णालयाच्या एकाच्या चार इमारती झाल्या होत्या. चार ठिकाणी यंत्रं, चार ठिकाणी माझ्यासारख्या फाईली, आणि माणूस हा एकटा. अजून कायम झालेला नाही, घरी सहा महिन्यांची मुलगी. रोज स्कूटरवरून या इमारतीतून त्या इमारतीत. त्याचा जेवणाचा डबा कित्येकदा आमच्या मांडणीवर तसाच विसरलेला असायचा.

त्याने एक कारभारी आणला. कारभारी म्हणजे माणूस नव्हे, एक प्रोग्रॅम. धडाक्याने माझे नऊ तुकडे केले, नऊ चिठ्ठ्या म्हणा. एक नंबरच्या चिठ्ठीत भाषा, वेळा असलं किरकोळ. दोन नंबरची ॲम्ब्युलन्सची. तीन नंबरची प्रसूती कक्षाची. असं करत नऊ नंबरची, 'बाकी सगळे'. या चिठ्ठ्या एका फोल्डरमध्ये. दर अर्ध्या तासाने, ठोक्याला, कारभारी यायचा, चिठ्ठ्या नंबराने लावायचा, एकाखाली एक चिकटवायचा आणि मला नव्याने लिहून काढायचा. कोणी मधे हात घातला असेल तर तो पुसला जायचा. माझ्या कपाळावर त्याने एक पाटीच लावली: 'ही फाईल कारभारी लिहितो. हाताने बदल करू नये.'

ताईंच्या टिपा त्यात गेल्या. चिठ्ठ्या सुटसुटीत हव्यात म्हणून धडाक्याने काढून टाकल्या.

विचार करा, दर अर्ध्या तासाने पुसलं जायचं आणि तेच पुन्हा व्हायचं. दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा. पहिल्या आठवड्यात मला घेरी आल्यासारखं झालं, नंतर सवय झाली. आणि खोटं कशाला बोलू, दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. कारभारी दमत नाही, रजा मागत नाही, चिडत नाही. धडाक्याला वेळेवर जेवता येऊ लागलं.

मग तो मंगळवार आला.

त्या आठवड्यात रक्तपेढीचा नवा विभाग सुरू व्हायचा होता. त्याच्या ओळी माझ्यात घालायच्या होत्या. धडाक्याने विचार केला, नवी चिठ्ठी 'बाकी सगळे'च्या खाली गेली तर कधी वाचलीच जाणार नाही. म्हणून त्याने नव्या चिठ्ठीला नऊ नंबर दिला आणि 'बाकी सगळे'ला एक पायरी खाली ढकलून दहा नंबर दिला. पाहिलंत? निष्काळजीपणा नव्हता. शेवटची ओळ शेवटीच राहावी, याचाच विचार त्याने केला होता. बाराला दहा मिनिटं असताना चिठ्ठ्या ठेवल्या आणि चहाला गेला.

बाराच्या ठोक्याला कारभारी आला. त्याने चिठ्ठ्या लावल्या: एक. मग दहा. मग दोन, तीन, चार.

त्याला आकडे मोजता येत नव्हते. तो आकडे अक्षरांसारखे लावायचा. नऊपर्यंत हे कोणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं.

तर माझी तळाची ओळ उठून डोक्यावर जाऊन बसली. ॲम्ब्युलन्स, कळा देणाऱ्या बायका, डॉक्टर, सगळ्या ओळी माझ्यात होत्या, एक अक्षर कमी नव्हतं. पण यंत्र त्यांच्यापर्यंत पोचेच ना. प्रत्येक फोन तिथेच अडायचा: रांगेत, ऑपरेटरकडे. मला कळत होतं. पण फाईलला तोंड नसतं. मी वाचली जाऊ शकते, ओरडू शकत नाही.

काकांच्या टेबलावर एकदम फोनांचा लोंढा आला. ते एकेक घेत होते, योग्य ठिकाणी जोडून देत होते. सहा घेतले की नऊ नवे. त्यांनी मोबाईलवरून धडाक्याला बोलावलं.

"साहेब, आज सगळे माझ्याकडेच का येतायत?"

धडाका आला, मला उघडलं. बघतो तर शेवटची ओळ वर. त्याने चिठ्ठ्यांचं फोल्डर उघडून पाहिलं. त्याच्या पडद्यावर चिठ्ठ्या शहाण्यासारख्या रांगेत होत्या: एक, दोन, तीन, नऊच्या खाली दहा. पडद्याला आकडे मोजता येत होते, कारभाऱ्याला येत नव्हते. हा फरक त्याला कसा दिसणार? त्याला वाटलं, चिठ्ठ्या तर बरोबर आहेत, म्हणजे मलाच कोणीतरी हात लावला.

"काका, तुम्ही काही दाबलंत का?"

काकांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "मी फोन उचलतो, साहेब. दुसरं काही दाबत नाही."

धडाक्याने ती ओळ हाताने उचलून तळाशी नेऊन ठेवली. फोन लावून पाहिला, बरोबर गेला. "झालं," म्हणाला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. दुसऱ्या इमारतीत ऑपरेशनच्या याद्या छापणं बंद पडलं होतं. तो हेल्मेट उचलून निघाला.

साडेबाराला कारभारी परत आला. मला पुसलं आणि जसं त्याला बरोबर वाटत होतं तसं लिहून ठेवलं.

बारा एक्केचाळीसला ॲम्ब्युलन्सचा फोन आला. यंत्राने मला उघडलं. पहिली चिठ्ठी, मग 'बाकी सगळे'. रांगेत टाकलं. वाद्यसंगीत सुरू झालं. "आपण अकराव्या क्रमांकावर आहात."

रांगेतल्या माणसाला वाटतं, आपलं कोणी ऐकत नाहीये. पण आवाज यंत्रातून जात असतो. गाडीत एक बाई होती, कपडे शिवून देणारी, आठवा महिना संपत आलेला, आणि रक्त थांबत नव्हतं. शेजारी तिची मोठी जाऊ. ड्रायव्हर या रस्त्यावरचा जुना माणूस होता. दहा वर्षांत त्याला आमच्याकडे कधी संगीत ऐकावं लागलं नव्हतं.

"उचला ना... अहो, उचला ना!"

"काय म्हणतायत?" जावेचा आवाज.

"गाणं लावलंय."

"गाणं?"

त्याने फोन तोडून परत लावला. पुन्हा संगीत. आता तेरावा क्रमांक. काका एकेक फोन उरकत पुढे येत होते, जमेल तितकं भराभर. त्यांना कोण कुठे थांबलंय हे कळायला मार्गच नव्हता. जाऊ त्या बाईला म्हणत होती, "डोळे मिटू नकोस गं. माझ्याकडे बघ. अगं, इकडे बघ."

बारा त्रेपन्नला गाडी दारात पोचली आणि ड्रायव्हरने फोन ठेवला. तेव्हा तो चौथ्या क्रमांकावर होता.

एरवी फोन आला की दारात स्ट्रेचर तयार असतं, लिफ्ट खाली धरून ठेवलेली असते, रक्त मागवलेलं असतं, डॉक्टर हात धुवून उभ्या असतात. त्या दिवशी दारात कोणी नव्हतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरबाई नुकत्या जेवायला बसलेल्या. सगळे धावले, मनापासून धावले. पण जी तयारी गाडी येईपर्यंत व्हायची, ती गाडी आल्यावर सुरू झाली.

एक वाजून गेल्यावर एका नर्सने धडाक्याला फोन केला. त्याने तिकडूनच मला उघडलं, पुन्हा ती ओळ खाली नेली. थोड्या वेळाने अधीक्षक मॅडमनी आपल्या मोबाईलवरून दोनदा फोन लावून पाहिला. दोन्ही वेळा बरोबर ठिकाणी गेला. "सिस्टीम तर नीट चालू आहे," त्या पार्टिशनपाशी येऊन म्हणाल्या. "मग काका, बारा मिनिटं फोन का उचलला गेला नाही?"

"मॅडम, रांगेत होता तो. मी एक क्षण बसलो नाही."

"ॲम्ब्युलन्सचा फोन रांगेत येतोच कसा? तो सरळ वर जातो." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "उद्या खुलासा द्यावा लागेल तुम्हाला. लेखी."

तीस वर्षांच्या नोकरीत काकांकडे कोणी खुलासा मागितला नव्हता. मॅडम गेल्यावर त्यांनी टेबलाची कड चाचपली, हेडफोन सरळ केला आणि पुढचा फोन घेतला. "नमस्कार, बोला." आवाज नेहमीचाच.

पण त्यांचे कान कामाला लागले होते. काकांच्या मनगटावर बोलणारं घड्याळ होतं, तासाला आणि अर्ध्या तासाला वेळ सांगणारं. दीड वाजल्याचं घड्याळ बोललं आणि लोंढा आला. धडाक्याने दूरवरून दुरुस्त केलं, शांत झालं. दोन वाजले, पुन्हा लोंढा. पुन्हा दुरुस्ती. अडीचला पुन्हा. चिडलेला धडाका तीनच्या सुमाराला स्कूटर पळवत परत आला.

"साहेब, बसा जरा," काका म्हणाले. "एक सांगू? तुम्ही बरं करता, ते बरं होतं. घड्याळ बोललं की पुन्हा बिघडतं. दर अर्ध्या तासाने कोणीतरी येऊन तुमचं पुसून जातंय."

धडाका जागच्या जागी थांबला. "कारभारी," तो म्हणाला. मग मान हलवली. "पण चिठ्ठ्या बरोबर आहेत, काका. मी दहा वेळा पाहिल्यात."

"ताईंना विचारू या का?"

धडाक्याला ते लागलं असणार. जो माणूस दोन वर्षं एकट्याने सगळं ओढतोय त्याने आधीच्या माणसाकडे हात पसरायचा. पण तो नाही म्हणाला नाही. काकांनी नंबर फिरवला, फोन स्पीकरवर टाकला. ताईंच्या मागे भांड्याचा आवाज येत होता, बहुधा वडिलांना काही भरवत होत्या.

"चिठ्ठ्यांना नंबर कसे दिलेत?" त्यांनी सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं.

"साधे. एक ते दहा."

"दहा हल्लीच आला?"

"आजच. आधी नऊच होत्या."

"शब्दकोशात 'क' नंतर 'ख' आधी येतो, का 'कमळ'?"



"कमळ," धडाका हळूच म्हणाला.

"त्याच्या लेखी एक म्हणजे 'क' आणि दहा म्हणजे 'कमळ'. दोन म्हणजे 'ख'. तो मोजत नाही हो, नुसती अक्षरं लावतो."

धडाका खुर्चीत बसला. त्याच्या बसण्याचा आवाज मी ऐकला. माणूस बसतो तसा नव्हता, खाली ठेवल्यासारखा होता.

"आता काय करू?"

"सगळ्यांना तीन आकडी नंबर द्या. शून्य शून्य एक नव्हे, शून्य दहा, शून्य वीस, असे अंतर सोडून. पुढे मधे काही घालायचं झालं तर जागा राहील. आणि मला लिहायच्या आधी..." ताई चुकून 'मला' म्हणाल्या, जणू त्याच फाईल होत्या, आणि थांबल्या. "फाईल लिहायच्या आधी कारभाऱ्याला तपासायला लावा, की ॲम्ब्युलन्स सगळ्यांच्या आधी आहे आणि 'बाकी सगळे' सगळ्यांच्या नंतर. नसेल तर जुनी फाईल तशीच ठेवायची आणि तुम्हाला बोलवायचं. बरं, त्या बाईचं काय झालं?"

काही कळलेलं नव्हतं.

साडेतीनला कारभारी आला आणि त्याने मला नीट लिहिलं. चारला आला, नीट लिहिलं. काका घड्याळ बोलल्यावर दोन्ही वेळा हात थांबवून ऐकत राहिले. लोंढा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षक मॅडम टाईप केलेला कागद घेऊन आल्या. "काका, हा मेमो. मी वाचून दाखवते, मग सही करा."

पार्टिशनमागून धडाका बाहेर आला. रात्री झोपला नसावा, आवाज खरखरीत होता.

"मॅडम, तो माझ्या नावाने करा."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. चिठ्ठी, नंबर, क आणि कमळ. त्याला गप्प बसता आलं असतं. आता सगळं दुरुस्त झालं होतं, झालेली गोष्ट शोधून काढणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं, आणि कायम होण्याचा कागद पुढच्याच महिन्यात निघायचा होता. "काल मी काकांनाच विचारलं, तुम्ही काही दाबलंत का म्हणून," तो शेवटी म्हणाला.

मॅडमनी कागदाची घडी केली. "लेखी द्या," एवढंच म्हणाल्या. त्याचं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. चारही इमारतींत त्याला नवं नाव पडलं, आणि ते 'धडाका'सारखं लाडाचं नव्हतं.

शिवणकाम करणारी ती बाई चार दिवस जगते की जाते अशी होती. जगली. मुलगी झाली होती, ती तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं की तिला एका कानाने नीट ऐकू येत नाही असं दिसतंय. उशीर झाल्यामुळेच झालं का? ते म्हणाले, तसंच आहे असं सांगता येणार नाही, आणि तसं नाही असंही सांगता येणार नाही. हे उत्तर धडाका घेऊन बसला आहे. मीही.

घरी जायच्या दिवशी ती मोठी जाऊ काकांच्या टेबलापाशी आली. भांडायला आली नव्हती. नुसतं विचारलं, "त्या दिवशी फोन का नाही उचलला?"

काका उठून उभे राहिले, पण बोलला धडाका. त्याने साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. ओळी कशा असतात, कोण आधी, कोण नंतर. ती ऐकत होती.

"म्हणजे आमच्या आधी बाकी सगळे होते."

"हो."

"कशामुळे?"

"माझ्या चुकीमुळे."

तिने खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग "बरं" म्हणाली आणि गेली. त्या 'बरं'चा अर्थ काय होता, हे मला आजही लागलेलं नाही.

त्यानंतर धडाक्याने एक नेम धरला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी खुर्ची ओढून काकांजवळ बसायचं आणि मला मोठ्याने वाचायचं, वरून खालपर्यंत. काका डोकं कलतं करून ऐकायचे. मधेच थांबवायचे: "हा विभाग तर पाडला ना? मग ओळ कशाला?" कधी नुसतं "हं". कारभारी दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा मला लिहीत होता आणि तपासतही होता. पण 'हे असं का?' असं त्याने मला कधी विचारलं नाही. ते विचारायला माणूसच लागतो, मग त्याला दिसत असो वा नसो.

आता माझे दिवस भरले. येत्या आठवड्यात चारही इमारतींसाठी नवी यंत्रणा येते आहे. तिच्यात मी नसेन. माझी एक नक्कल कुठेतरी ठेवतील, कोणी उघडणार नाही. खरं सांगते, मला वाईट वाटत नाही. अकरा वर्षांत पन्नास लाखांवर वेळा वाचली गेले. त्यातल्या साडेतीन तासांचं ओझं बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे. मला आता मिटून पडायचं आहे.

जाता जाता एवढंच मागते. न थकणाऱ्याच्या हाती एखादं काम द्याल तेव्हा, त्याला क्रम कसा कळतो हे एकदा विचारून घ्या. तुम्हाला कळतो तसाच त्यालाही कळतो, असं धरून चालू नका. आणि एखादी गोष्ट तुम्ही नीट करून ठेवलीत आणि ती पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर शेजारी बसलेल्या माणसावर आळ घेण्याआधी जरा थांबा. कोण येऊन पुसून जातंय ते बघा.

आज सकाळी धडाक्याने मला शेवटचं वाचलं. काकांचेही नोकरीचे दोनच महिने उरलेत. एकेक ओळ होत गेली, ॲम्ब्युलन्स, प्रसूती कक्ष, वॉर्ड, डॉक्टर, तारखा, रक्तपेढी. तळाशी आल्यावर काकांनी हात वर केला.

"राहू द्या. ती पाठ आहे मला."

"नाही काका," तो म्हणाला. "सगळं वाचायचं म्हणजे सगळं." आणि त्याने वाचलं, "बाकी सगळे फोन रांगेत, ऑपरेटरकडे."

काका "हं" म्हणाले आणि त्यांनी हेडफोन कानाला लावला. रांगेत तिघं थांबली होती.